‘च’, ‘ही’ आणि ‘ओन्ली’

सीमाभागातील मराठी माणसाचे सार्वजनिक आयुष्य निवेदने लिहिण्यात सरले आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना अमलात आली, तेव्हापासून आम्ही लिहीतच आहोत. राज्याची भाषा कन्नड, आमची मराठी, आणि वरपर्यंत पोहोचणारा कागद बहुधा इंग्रजी. उच्च आणि सर्वोच्च न्यायालयांची भाषा राज्यघटनेच्या अनुच्छेद ३४८ने इंग्रजी ठरवली आहे; महाराष्ट्राने २००४ साली दाखल केलेला सीमादावाही त्याच भाषेत चालावयाचा. त्यामुळे आमच्या गावोगावच्या मंडळींना आपले गाऱ्हाणे इंग्रजीत मांडावे लागते. वकिलीच्या व्यवसायात असे मसुदे आमच्याकडे सतत तपासणीसाठी येतात. त्यांतील चुका मोजक्याच आहेत आणि त्या पुनःपुन्हा त्याच असतात.

या चुका अडाणीपणाच्या आहेत असे आम्हांस वाटत नाही. बहुतेक ठिकाणी लिहिणाऱ्याने एक नियम काटेकोरपणे पाळलेला असतो. फक्त तो मराठीचा असतो. म्हणून चूक शोधण्याची आमची रीत सोपी आहे. इंग्रजी वाक्य मनात मराठीत परत आणावे. ते जेथे शब्दाला शब्द लावून जुळते, तेथे थांबून पाहावे.

‘वी आर लिव्हिंग हिअर सिन्स १९५६’ हे वाक्य घ्या. ‘आम्ही १९५६पासून येथे राहत आहोत’ हे मराठीत निर्दोष आहे, कारण ‘पासून’ आला की मराठीला वर्तमानकाळ पुरतो. इंग्रजीत मात्र भूतकाळात सुरू होऊन आजवर चालू असलेल्या क्रियेसाठी निराळे रूप आहे : ‘वी हॅव बीन लिव्हिंग हिअर सिन्स १९५६’. शिवाय आपला ‘पासून’ क्षणालाही चालतो आणि कालावधीलाही. इंग्रजीत वर्ष वा तारीख असेल तर ‘सिन्स’, आणि वीस वर्षे असा कालावधी असेल तर ‘फॉर’. ‘सिन्स ट्वेन्टी इयर्स’ म्हणजे ‘वीस वर्षांपासून’चा केवळ वेषांतर केलेला अवतार.

दुसरी चूक ‘हॅड’ची. ‘सोमवारी अर्ज दिला होता’ असे आपण सहज म्हणतो आणि प्रतिज्ञापत्रात ‘आय हॅड सबमिटेड द अ‍ॅप्लिकेशन ऑन मंडे’ असे लिहितो. इंग्रजीत हे रूप भूतकाळातील दुसऱ्या एखाद्या घटनेच्या आधी घडलेल्या गोष्टीसाठी राखलेले आहे. तशी दुसरी घटना नसेल, तर ‘आय सबमिटेड’ एवढेच पुरे. ही बाब क्षुल्लक नव्हे. उलटतपासणीत ‘कशाच्या आधी?’ असा प्रश्न येतो आणि साधा अर्जदार गोंधळतो.

तिसरी चूक त्याहून घातक : ‘द नोटीस डिड नॉट रिसीव्ह्ड’. ‘नोटीस मिळाली नाही’ या मराठी वाक्यात नोटीस हा कर्ता आहे. इंग्रजीत ‘रिसीव्ह’ करतो तो माणूस, नोटीस नव्हे. शिवाय भूतकाळ ‘डिड’ने एकदा सांगितल्यावर पुढचे क्रियापद मूळ रूपात राहते. शुद्ध वाक्य होईल ‘आय डिड नॉट रिसीव्ह द नोटीस’. ‘द नोटीस वॉज नॉट रिसीव्ह्ड’ हेही व्याकरणाला धरून आहे, पण त्यात कोणाला मिळाली नाही हे झाकले जाते. आणि बजावणीच्या वादात सारे काही त्या ‘कोणाला’वर अवलंबून असते.

या सर्वांहून मोठी किंमत आम्ही एका लहानशा शब्दाची मोजताना पाहिली आहे. एका गावच्या निवेदनात वाक्य होते : ‘वी डिमांड ऑल डॉक्युमेंट्स इन मराठी ओन्ली’. एका कार्यालयाने उत्तर धाडले की राज्यभाषा वगळण्याची मागणी मान्य करता येत नाही. गावकरी चकित झाले, कारण कन्नड वगळा असे त्यांच्या मनातही नव्हते. ‘आम्हांला मराठीतच समजते, तेव्हा मराठीतही द्या’ एवढेच त्यांचे म्हणणे. घोटाळा झाला तो ‘च’मुळे. मराठीत ‘च’ दोन कामे करतो : कधी नुसता जोर देतो, कधी बाकीचे वगळतो. लेखी इंग्रजीतील ‘ओन्ली’ बाकीचे वगळतो, आणि त्याची जागा बदलली की वगळले जाणारेही बदलते. गावकऱ्यांना हवा होता तो ‘ही’. त्याचे इंग्रजी : ‘वी रिक्वेस्ट दॅट ऑल डॉक्युमेंट्स बी इश्यूड इन मराठी अ‍ॅज वेल अ‍ॅज इन कन्नड’. आमच्या मागणीचा सारा न्याय्यपणा या ‘ही’मध्ये आहे. तो निसटला की हक्क मागणारा दुराग्रही ठरतो, आणि शेजारच्या कन्नड माणसालाही विनाकारण दुखावतो.

यावर उपाय काय? इंग्रजी माध्यमात मुले घातली की प्रश्न मिटेल, असे पुष्कळ पालक मानतात. आम्हांस ते पटत नाही. ज्या मुलाला ‘च’ आणि ‘ही’ यांतील भेद मराठीत कधी कोणी उकलून दाखवला नाही, त्याला ‘ओन्ली’चा धोका इंग्रजीत तरी कसा दिसावा? मागच्या पिढ्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकल्या. दोन्ही भाषांची वाक्ये शेजारी ठेवून भेद ओळखावयाचा, ही त्या शिक्षणाची रीत होती. ती आजही उपयोगी आहे, पण त्यासाठी शेजारी ठेवावयाचे मराठी वाक्य आधी पक्के हवे. १९५६च्या सातव्या घटनादुरुस्तीने आलेला अनुच्छेद ३५०क भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे म्हणून सोयी करण्यास राज्यांना सांगतो. त्याचा लाभ इंग्रजीलाही होतो, हे आम्ही मसुदे तपासताना रोज पाहतो.

निवेदकांना आमची एक व्यावहारिक सूचना आहे. अनुच्छेद ३५० प्रमाणे गाऱ्हाण्याचे निवेदन संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. तेव्हा मूळ निवेदन मराठीत लिहावे, इंग्रजी तर्जुमा सोबत जोडावा, आणि दोन्हींवर पोच घ्यावी. तर्जुम्यात एखादा ‘ओन्ली’ चुकीच्या जागी बसलाच, तर आपण ‘च’ म्हटले होते की ‘ही’, हे सांगायला मराठी प्रत फायलीत हजर असेल.