आता मला एकेरीच खेळायचंय!

एकेरी टेनिस मला इतक्या उशिरा का भेटलं? सध्या डोक्यात दुसरा विचारच नाही! विम्बल्डन लहानपणापासून बघतेय, बालेवाडीला एटीपीची स्पर्धा व्हायची तेव्हा तिकीट काढून जायचे, क्लबवर सकाळची दुहेरी तर वर्षानुवर्षं चालू आहे. तरीही समोर एकच माणूस, आपल्या बाजूला कुणीच नाही, आणि प्रत्येक गुण मोजायचा, अशी मॅच खेळेपर्यंत हा खेळ मला माहीतच नव्हता. खरंच सांगते, माहीतच नव्हता.

आधी कोर्टच बघा. दुहेरीत रुंदी 36 फूट, एकेरीत 27. वाटतं, बरं झालं, कोर्ट लहान झालं. पण 36 फूट दोघांत वाटले तर माणशी 18 येतात आणि हे 27 सगळे आपले एकटीचे. जाळीपासून बेसलाइनपर्यंत 39 फूट. गुणाकार करून बघा, हजार चौरस फुटांच्या वर जातो. पुण्यात एवढ्या जागेत दोन बेडरूमचा फ्लॅट होतो, आणि त्याच्या कुठल्याही कोपऱ्यात पडलेला चेंडू मलाच आणायचाय! दुहेरीत मधून चेंडू गेला की "तुझा!" असं ओरडता येतं. इथे सगळेच चेंडू माझे. पहिल्याच गेममध्ये हे अंगावर आलं आणि इतका आनंद झाला म्हणून सांगू!

आमच्या क्लबवर एक काका आहेत. साठी ओलांडलेली, गुडघ्याला पट्टा, सर्व्हिस अगदी साधी. त्यांच्याशी एकेरी खेळायला उभी राहिले आणि मी कोर्टभर धावत सुटले, काका मात्र दोन पावलांत चेंडूवर. प्रत्येक स्लाइस तिरका, खाली राहणारा, माझ्या बॅकहँडला. मॅच संपल्यावर त्यांनी रॅकेटच्या टोकानं लाल मातीवर कोर्ट काढून दाखवलं. "अगं, जाळी खांबापाशी साडेतीन फूट आहे आणि मध्ये तीनच. तिरका मारलास की चेंडू मधल्या सखल भागावरून जातो, वर कर्णाची लांबी मिळते. सरळ रेषेत 78 फूट, कोपऱ्यातून कोपऱ्यात साडेब्याऐंशी. सहा इंच खालची जाळी आणि साडेचार फूट जास्तीचं कोर्ट फुकटात मिळतंय, मग सरळ कशाला मारायचा?" पायथागोरस शाळेत शिकले होते, पण तो मला असा पळवेल असं कुठे वाटलं होतं! आता टीव्हीवर मोठ्या खेळाडूंच्या तिरक्या रॅली बघताना मला ते रेखाटन दिसतं. त्यातला एखादा अचानक सरळ रेषेत मारतो, तेव्हा त्यानं केवढी जोखीम उचलली हे कळून मी सोफ्यावरून उठून उभी राहते.

आणि गुणपद्धत! क्रिकेटमध्ये पन्नास धावांनी मागे पडलात की ते ओझं शेवटपर्यंत पाठीवर. इथे पहिला सेट 6-0 गेला तरी दुसरा 0-0 पासूनच सुरू होतो. 6-0 नं जिंकलेला सेट आणि 7-6 नं जिंकलेला सेट, दोन्हींची किंमत एकच. घड्याळ नाही, षटकं नाहीत, आघाडी घेऊन वेळ काढायची सोय नाही. शेवटचा गुण समोरच्याला जिंकावाच लागतो, आणि तोवर मी मॅचमध्ये आहे.

हे मला एका डावखुऱ्या मुलीनं शिकवलं. कॉलेजात जाणारी, माझ्या निम्म्या वयाची. डाव्या बाजूच्या कोर्टातून ती सर्व्हिस करते तेव्हा चेंडू वळत वळत माझ्या बॅकहँडच्याही बाहेर निघून जातो. 2-5 अशी मागे होते, माझ्याच सर्व्हिसवर 0-40. आणि तिथून, चेंडू फक्त उंच आणि खोल टाकत, मी 5-5 वर आले! दोन गुणांच्या मधल्या वेळात माझ्या छातीचे ठोके मला ऐकू येत होते. मॅचमध्ये चेंडू हवेत असतो त्याहून जास्त वेळ तो नसतोच, आणि त्या रिकाम्या वेळात बोलायला, धीर द्यायला कुणी नसतं. एकेरीची सगळी गंमत मला तरी तिथेच दिसते.

सेट टायब्रेकला गेला. एक सर्व्हिस तिची, मग दोन माझ्या, मग दोन तिच्या, सहा गुण झाले की बाजू बदला. जिमी व्हॅन अ‍ॅलन यांच्या डोक्यातून निघालेली टायब्रेकची मूळ कल्पना ग्रँड स्लॅम स्पर्धांत पहिल्यांदा वापरली ती 1970 मध्ये अमेरिकन ओपननं. 2019 ची बालेवाडीची अंतिम लढत, केव्हिन अँडरसन विरुद्ध इव्हो कार्लोविच, आठवतेय? तिन्ही सेट टायब्रेकवर! आज ती आठवली की अंगावर काटा येतो, कारण तिथे एकट्यानं उभं राहून दुसरी सर्व्हिस टाकायची म्हणजे काय, हे आता हाताला ठाऊक आहे. आमचा टायब्रेक ती मुलगी जिंकली. जाळीपाशी हात मिळवताना म्हणाली, "ताई, अजून एक सेट?" नाही कोण म्हणेल!

एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. आपल्या मॅचला पंच नसतो. आपल्या बाजूला पडलेला चेंडू आत की बाहेर हे आपणच सांगायचं. रेषेला नुसता चाटून गेला तरी आत, आणि शंका असेल तर फायदा समोरच्याचा. त्याच सेटमध्ये, ब्रेक पॉइंटवर, माझा एक फोरहँड मला सरळ बाहेर गेलेला दिसला. ती खाली वाकली, मातीतली खूण बघितली आणि म्हणाली, "आत आहे ताई, तुमचा गुण." गेम गेला तिचा! कुणी बघत नसताना, स्वतःच्या विरोधात! हा खेळ माणसाकडून एवढं मागतो आणि माणसं ते देतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

हरण्याचं म्हणाल तर रॉजर फेडररनं जून 2024 मध्ये डार्टमथ कॉलेजच्या पदवीदान समारंभात दिलेला हिशेब ऐका. 1,526 एकेरी सामने, त्यांपैकी जवळजवळ 80 टक्के जिंकलेले. आणि गुण किती टक्के जिंकले? फक्त 54! म्हणजे जवळजवळ दर दुसरा गुण फेडररसुद्धा हरत होता. 2019 च्या विम्बल्डन अंतिम लढतीत तर त्यानं 218 गुण मिळवले, जोकोविचनं 204, आणि करंडक जोकोविचकडे गेला. हे कळल्यापासून गेलेल्या गुणाचं मी मनावर घेतच नाही. पुढच्या सर्व्हिसची तयारी करते.

तेव्हा दुहेरी खेळणाऱ्या माझ्या सगळ्या मैत्रिणींनो, मित्रांनो, आणि नुसत्याच रॅली करून घरी जाणाऱ्यांनो, ऐका माझं. चेंडूंचा नवा डबा उघडा, आपल्या जोडीचा एक कुणीतरी गाठा, आणि गुण मोजून एक पूर्ण मॅच खेळा. वय विचारू नका, त्या काकांना भेटा हवं तर. समोर खेळायला कुणी मिळालं नाही तर रविवारी सकाळी सातला या, मी कोर्टवर आहे.