सतरा फोन

अमळनेरला लग्नाला गेलं की एक प्रश्न ठरलेला असतो. "सुरतला काय करतेस गं?" जनावरांच्या दवाखान्यात काम करते म्हटलं की लगेच पुढचा, "अगंबाई, डॉक्टर झालीस?" नाही म्हटलं की मावश्यांचे चेहरे उतरतात. मी बी.कॉम. झालेय. अडाजणच्या एका दवाखान्यात सहा वर्षं औषधांचा साठा सांभाळते. काय मागवायचं, किती, कुठे ठेवायचं आणि काय फेकायचं, ते बघते. आई लोकांना सांगते, "दवाखान्याची कोठी बघते ती."

आईचं अगदीच चूक नाही. आमच्या आजीच्या कोठीत नवी डाळ आली की जुनी वर यायची, नवी खाली जायची. जुनं आधी संपवायचं, हा तिचा कायदा. मीही तोच लावला आणि पहिल्याच वर्षी फसले. स्टॉकिस्ट 'दहावर दोन फ्री' म्हणून जो माल गळ्यात मारतो, तो बऱ्याचदा मुदत संपायला आलेला असतो. म्हणजे आज आलेलं खोकं गेल्या महिन्यात आलेल्या खोक्याच्या आधी बाद होतं. औषधाच्या कपाटात कोण आधी आलं याला काही किंमत नाही, कोण आधी जाणार ते बघायचं. ते पुढे ठेवायचं. 'फ्री' दिसलं की मी आता आधी खोकं उलटं करून तारीख वाचते. एमआर हसतात, हसू देत.

सुरतेत साठ्याचं कॅलेंडर वेगळंच असतं. डिसेंबर लागला की उत्तरायणाची तयारी. सरकारचं करुणा अभियान १० ते २० जानेवारीला असतं, पण जखमी कबुतरं तारखा बघून येत नाहीत. नायलॉनच्या मांजावर बंदी आहे, तरी तो कुठून तरी येतोच. त्या दिवसांत लागतात बारीक सुईचे टाके, चिकटपट्ट्या, बीटाडीन आणि इन्सुलिनच्या सिरिंज. कबुतराचं वजन पाव-साडेतीनशे ग्रॅम, त्याचा डोस साध्या सिरिंजवर मोजताच येत नाही. पावसाळ्यात गोचीड आणि गोचिडाचा ताप. लेप्टोची भीती तर दक्षिण गुजरातेत माणसांनाही माहीत आहे. पार्व्होची पिल्लं यायला लागली की सलाईनच्या बाटल्या बघता बघता संपतात.

आमच्याकडे कपाटांच्या खालच्या कप्प्यात औषध ठेवत नाहीत. ऑगस्ट २००६ मध्ये उकाईचं पाणी सोडलं आणि तापी शहरात शिरली, तेव्हा साहेबांचा तळमजल्यावरचा अख्खा साठा गेला होता. तेव्हापासून फ्रिजसुद्धा कंबरेएवढ्या ओट्यावर चढवलेला आहे. खालच्या कप्प्यात जुनी वर्तमानपत्रं आणि बादली.

कायदेही साठ्यातच राहतात. केटामाइनला वेगळं कुलूप, वेगळं रजिस्टर, एकेक मिलीचा हिशोब. डायक्लोफेनॅक तर आमच्या कपाटात नाहीच. ते दिलेलं गुरू मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होतात, म्हणून २००६ पासून जनावरांसाठी त्यावर बंदी आहे. तरी एखादे काका गाईसाठी तीच सुई मागतात, "माणसाला चालते ती हिला का नाही?" त्यांना मेलॉक्सिकॅम देताना गिधाडांची गोष्ट सांगावी लागते. ऐकून घेतात बिचारे.

हे सगळं मला येतं असं वाटायला लागलं होतं. मग दोन वर्षांपूर्वीचा मे महिना आला.

बुधवारी लशींची मोठी खेप आली होती. उकाडा मरणाचा. खबरदारी म्हणून मी फ्रिजचं बटण शेवटच्या आकड्यावर नेलं. जागा करायची म्हणून रेबीजच्या लशींचा ट्रे पार मागे सरकवला, थंड होणाऱ्या पत्र्याला टेकून. थर्मामीटर दारात लटकलेला. त्यात ५ अंश. लस २ ते ८ अंशांत ठेवायची, म्हणजे सगळं ठीक. मी रोज तोच आकडा रजिस्टरमध्ये सुवाच्य अक्षरात लिहीत होते.

सोमवारी सकाळी ट्रे ओढला तर हलेना. पत्र्याला चिकटला होता. मागच्या रांगेतल्या व्हायलमध्ये बर्फ.

डिस्टेंपर-पार्व्होच्या लशीची सुकी भुकटी असते, तिला जास्त भय उष्णतेचं. रेबीजची लस पातळ असते, ती गोठली की बाद. वितळल्यावर ती पुन्हा चांगली दिसू शकते, पण काम करेल याची खात्री कोणी देऊ शकत नाही. मागच्या रांगेच्या व्हायल फेकणं सोपं होतं. पण गुरुवार ते शनिवार त्याच ट्रेमधून लशी दिल्या गेल्या होत्या. त्या रात्री गोठून सकाळी दार उघडझाक होताना वितळल्या असतील की अजिबात गोठल्या नसतील? सांगायला काही मार्ग नव्हता.

साहेब ओरडले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "कोणाकोणाला गेली?"

रजिस्टर काढलं. सतरा कुत्री. अकरांना दरवर्षीची, सहा पिल्लांना आयुष्यातली पहिली. साहेब म्हणाले, आधी सहा, मग अकरा, सगळ्यांना पुन्हा बोलवायचं आणि पैसे घ्यायचे नाहीत. आमच्या कंपाउंडरभाईंनी तोडगा काढला, "फ्री बूस्टर कॅम्प आहे असं सांगूया ना, लोक खूश होऊन येतील." खरं सांगते, मला तो फार आवडला. माझं नाव कुठेच आलं नसतं. साहेबांनी मान हलवली. "कॅम्प म्हटलं तर ज्याला जमेल तोच येईल. फ्रिजमध्ये लस बिघडली असू शकते, असं सांग. सतराच्या सतरा आले पाहिजेत."

मग मी फोन लावायला बसले. एक बाई म्हणाल्या, "एक्सपायरी झालेली दिलीत का?" एका भाईंनी मला जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. दोघांनी आभार मानले, त्याने जास्त रडू आलं. तीन दिवसांत सोळा जणांशी बोलणं झालं.

सतरावा नंबर लिंबायतचा होता. फोन उचलणारे काका म्हणाले, "आमच्याकडे कुत्रा नाही." मग आठवून म्हणाले, शेजारच्या पोराने त्यांचा नंबर दिला असेल, पण आता त्यांनी खोली बदलली आहे. केस पेपरवर पिल्लाचं नाव होतं, शेरू. लिंबायतमध्ये शेरू शोधायचा म्हणजे काय, ते तिकडे राहणाऱ्यांना कळेल. संध्याकाळी मी आणि आई रिक्षाने गेलो. आईने पहिल्याच गल्लीत ओट्यावर बसलेल्या बायकांशी अहिराणीत बोलायला सुरुवात केली आणि दहा मिनिटांत घर सापडलं. मी एकटी गेले असते तर अजून फिरतच असते.

दहा-अकरा वर्षांचा मुलगा, लूमवरून नुकतेच आलेले वडील आणि पाच वर्षांची बहीण. तिच्या करंगळीला चिंधी बांधलेली. मी विचारलं, हे काय? मुलगा म्हणाला, "शेरूचा दात लागला, खेळताना. पण त्याला तर सुई दिलीय ना ताई." आणि त्याने आमच्या दवाखान्याचं लसीकरणाचं कार्ड आणून दाखवलं. त्यावर बॅचचं स्टिकर होतं आणि शेजारी तारीख माझ्या अक्षरात.

त्या कार्डामुळे त्यांनी तिला कुठेच नेलं नव्हतं. दोन दिवस झाले होते. मी साहेबांना तिथूनच फोन लावला. ते म्हणाले, "लस चांगली असती तरी पहिल्या सुईचा असर लगेच होत नाही. पिल्लू चावलं की माणसाने सुया घ्यायच्याच. जखम साबण लावून नळाखाली पंधरा मिनिटं धू आणि आत्ताच्या आत्ता घेऊन जा." रेबीजची लक्षणं दिसायला लागली की मग डॉक्टरांच्या हातात जवळजवळ काही उरत नाही, हे मला तोंडपाठ होतं. त्या मोरीत तिची करंगळी धरून बसले तेव्हा त्या पाठांतराचा उपयोग हात थरथरायला झाला, बाकी काही नाही. आई घड्याळ बघत मिनिटं मोजत होती.

स्मीमेरला गेलो. तिथे मुलीला पहिली सुई मिळाली आणि कार्डावर पुढच्या तारखा लिहून मिळाल्या. पुढच्या प्रत्येक तारखेला मी आदल्या रात्री तिच्या वडिलांना आठवण केली. शेरूवर दहा दिवस लक्ष ठेवायला सांगितलं होतं. तो मस्त होता, दहाव्या दिवशी माझी चप्पल चावून ठेवली. नंतर त्याला नवीन व्हायलमधून लस दिली, ती मी स्वतः फ्रिजच्या मधल्या कप्प्यातून काढून दिली.

आता दोन थर्मामीटर आहेत. एक ट्रेच्या मधोमध, आणि तो रात्रीत तापमान किती खाली गेलं, किती वर गेलं हेही दाखवतो. सकाळ-संध्याकाळ दोन्ही आकडे लिहिते. ट्रे आणि मागच्या पत्र्यामध्ये चार बोटांची जागा सोडलेली असते. तिथे कोणी काही सरकवू नये म्हणून चिकटपट्टीची रेघ मारली आहे.

आणि केस पेपरवर मोबाईल नंबर लिहिला की तिथल्या तिथे मी त्यावर मिस्ड कॉल देते. समोरच्याच्या खिशात फोन वाजला की मगच पिल्लाचं नाव विचारते.