आधी तारीख सांगा
(औषधांच्या दुकानातल्या वहीतून)

●
गर्भचाचणीच्या किटचं नाव घेऊन ते मागणारी गिऱ्हाइकं थोडी. "ते द्या ना", "ते कार्ड", "टीव्हीवर दाखवतात ते". गर्दी असली तर बाई आधी क्रोसिनची पट्टी घेते, मग आल्याच्या गोळ्या, आणि बाकीची माणसं पांगली की खरं मागणं बाहेर येतं. नवऱ्यांची तऱ्हा वेगळी. बोटानं दाखवायचं, पैसे ठेवायचे, पाकीट खिशात घालायचं. "पाळी किती दिवस पुढे गेलीय?" असं विचारलं की बाजूला जाऊन घरी फोन लावतात.

●
लक्षणं सगळ्यांना पाठ असतात. मळमळतंय, छाती दुखरी झालीय, पोट फुगल्यासारखं वाटतंय, दुपारी डोळे उघडे राहत नाहीत, सारखं लघवीला जावं लागतंय. यादी बरोबर आहे. अडचण अशी की पाळी यायच्या आधीच्या आठवड्यातही यातलं बरंच काही होतं. दोन्हीकडे प्रोजेस्टेरॉन नावाचं एकच संप्रेरक काम करत असतं. स्त्रीबीज सुटल्यावर ते वाढतं, स्तन जड करतं, आतडी मंदावतं, सुस्ती आणतं. गर्भ रुजला तर ते चढं राहतं, नाही रुजला तर उतरतं आणि पाळी येते. तोवर शरीराच्या बोलण्याचे दोन्ही अर्थ निघतात. म्हणून काउंटरवर माझा पहिला प्रश्न एकच: मागची पाळी कोणत्या तारखेला आली होती?

●
हिशेब असा. चक्र २८ दिवसांचं धरलं, तर साधारण चौदाव्या दिवशी बीज सुटतं. ते फळलं तर नळीतून गर्भाशयात यायला आणि अस्तरात रुजायला बहुतेकदा आठ ते दहा दिवस लागतात. कधी सहा, कधी बारा. रुजल्यावरच एचसीजी हे संप्रेरक रक्तात उतरायला लागतं आणि मागोमाग लघवीत. सुरुवातीला ते दोन-तीन दिवसांत दुप्पट होत जातं. घरच्या किटला दिसेल इतकं जमायला पाळीची तारीख उजाडते. तारखेच्या पाच दिवस आधी केलेली चाचणी 'नाही' म्हणाली, तर त्या 'नाही'वर काही ठरवू नये.

●
ज्यांचं चक्रच ३५ दिवसांचं, त्या तिसाव्या दिवशी घाबऱ्या होऊन येतात. बीज सुटल्यापासून पाळीपर्यंतचा काळ बराचसा ठरलेला असतो, साधारण दोन आठवडे. कमीजास्त होतो तो आधीचा काळ. ताप, परीक्षा, प्रवास, वजनातला फरक, पीसीओएस, थायरॉइड यांनी बीज सुटणं लांबतं, की पाळीही लांबते. तारखांचा मेळच नसेल त्यांच्यासाठी दुसरं मोजमाप आहे: गर्भनिरोधकाशिवाय शेवटचा संबंध आला त्या दिवसापासून २१ दिवस. त्यानंतरची चाचणी भरवशाची.

●
"ही पुडी लघवीत टाकायची का?" असं विचारणारी एक मुलगी होती. पाकिटात कार्ड, ड्रॉपर आणि एक पांढरी पुडी असते. पुडी सिलिका जेलची, ओल शोषायला. ती फेकून द्यायची. कार्डावर एका टोकाला छोटा खळगा असतो, त्यात पाकिटावर लिहिलेले तितकेच थेंब, दोन किंवा तीन. जास्त घातले तर रंग पसरतो आणि काही वाचता येत नाही. पाकीट ऐनवेळी फोडायचं, कार्ड सपाट जागी ठेवायचं, घड्याळ लावायचं. 'सी'समोर रेघ आलीच पाहिजे. ती नसेल तर कार्ड वाया, मग 'टी'समोर काही दिसो न दिसो.

पहिल्या दिवसांत सकाळची पहिली लघवी घ्यावी, कारण रात्रभरात ती दाट झालेली असते. पाळी चुकून आठवडा झाल्यावर कोणत्याही वेळची चालते. लवकर लागावी म्हणून तांब्याभर पाणी पिऊन केली, तर संप्रेरक पातळ होतं आणि रेघ बुजते.

●
फिकट रेघ. यावरून होणारे घोळ सगळ्यात जास्त. सांगितलेल्या वेळात, म्हणजे बहुतेक कार्डांवर पाच मिनिटांत, 'टी'समोर रंगाची फिकट का होईना रेघ आली तर उत्तर 'आहे' असं धरायचं. रेघेचा गडदपणा बाळाच्या तब्येतीबद्दल काही सांगत नाही. मात्र तेच कार्ड अर्ध्या तासानं केराच्या डब्यातून काढून उजेडात धरून पाहिलं, तर वाळल्याची करडी खूण दिसू शकते. तिला रेघ म्हणू नये. शंका राहिलीच तर दोन-तीन दिवसांनी नवं कार्ड. गर्भ असेल तर तोवर संप्रेरक दुप्पट झालेलं असतं, रेघ आपोआप ठसठशीत येते.

●
सिनेमात नायिका भोवळ येऊन पडते, वैद्यबुवा नाडी धरतात आणि हसतात. नाडीवरून गर्भ कळत नाही. आणि मळमळ इतक्या लवकर येतही नाही: बहुतेकींना ती सहाव्या आठवड्याच्या आसपास लागते, म्हणजे पाळी चुकून पंधरवडा होऊन गेल्यावर. काहींना अजिबात लागत नाही. "मला तर काहीच होत नाही, म्हणजे नसेलच" असं म्हणत तिसऱ्या महिन्यात पोचलेल्या बायका याच काउंटरवर पाहिल्यात. उलट टोकही आहे. पाणीसुद्धा पोटात ठरत नसेल, लघवी कमी आणि गडद होत असेल, तर 'डोहाळे कडक आहेत' म्हणून कौतुक करत बसू नये. दवाखाना गाठावा.

●
टूथपेस्ट, साखर, मीठ, ब्लीच. मोबाइलवर रोज नवा उपाय येतो. टूथपेस्टमध्ये खडूच्या जातीचा क्षार असतो, लघवी थोडी आंबट असते, दोन्ही भेटले की फेस येतो. तो पुरुषाच्या लघवीलाही येईल. किटची किंमत पन्नास-साठ रुपयांच्या घरात. आशाताईंकडे सरकारी 'निश्चय' किट असतं, त्याला तेही पडत नाहीत.

●
बेडकाची गोष्ट कंपाउंडरकाकांना सांगितली तर त्यांना थट्टा वाटली. १९३० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत लान्सेलॉट हॉगबेन यांच्या कामातून ही चाचणी निघाली: बाईची लघवी तिथल्या बेडकिणीला टोचायची, तिनं अंडी घातली तर गर्भ आहे. पुढची कित्येक वर्षं युरोप-अमेरिकेतल्या प्रयोगशाळा त्यासाठी बेडूक पाळत होत्या. १९६७ साली न्यू जर्सीतल्या ऑर्गेनॉन कंपनीत मार्गारेट क्रेन या डिझायनर बाईंनी रांगेत लावलेल्या परीक्षानळ्या पाहिल्या. हे बायकांना घरी का करता येऊ नये, असा प्रश्न त्यांना पडला आणि त्यांनी घरगुती किटचा नमुना केला. कंपनीतल्या पुरुषांचा विरोध होता. उत्तर आधी डॉक्टरांना कळावं असा तेव्हाचा दंडक. किट १९७१ मध्ये कॅनडात विकायला आलं, अमेरिकेत सत्तरच्या दशकाच्या अखेरीस. उत्तराला दोन तास लागत. आता पाच मिनिटं लागतात, पण ते आधी कुणाच्या हातात पडावं यावरची ओढाताण अजून आहे. सासूबाई कार्ड स्वतः न्यायला येतात.

●
श्रावणापासून दिवाळीपर्यंत पाळी पुढे ढकलायच्या गोळ्यांची मागणी चढते. सत्यनारायण, गौरी, घट. या गोळ्यांना चिठ्ठी लागते, हा पहिला वाद. दुसरी गोष्ट कुणी सांगत नाही: या गोळ्यांनी पाळी लांबते, गर्भ थांबत नाही. गोळ्या बंद केल्यावर साधारण दोन-तीन दिवसांत पाळी यायला हवी. आठवडा गेला आणि आली नाही, तर 'गोळ्यांचा परिणाम असेल' म्हणून थांबू नये. चाचणी करावी.

●
"पाळी यायची गोळी द्या." या मागणीला माझं उत्तर ठरलेलं: आधी कार्ड. पपई, तीळगूळ, खजूर, काढे सगळं करून झालेलं असतं, चाचणी तेवढी राहिलेली असते. गर्भ टाळायच्या ७२ तासांच्या गोळीनंतरही पाळी काही दिवस मागेपुढे होते. आठवड्यापेक्षा जास्त लांबली तर पुन्हा तेच, कार्ड.

●
चाळिशी उलटलेल्या बाई, हातात भाजीची पिशवी. "सुनेसाठी हवंय." तारीख विचारली तर चटकन सांगितली, अगदी वारासकट. सुनेची तारीख सासूला वारासकट माहीत नसते. मी काही बोलले नाही. कार्ड देताना एवढंच म्हटलं की पाळी जायच्या वयातही बीज अधूनमधून सुटतं, आणि चार महिने पाळी नाही म्हणजे 'गेली' असं नाही. सलग बारा महिने नसेल तरच गेली म्हणायचं. त्यांनी कार्ड कोथिंबिरीच्या जुडीखाली ठेवलं आणि विचारलं, "सकाळचीच लघवी लागते का?"

●
अंगावर पाजणाऱ्या आया निर्धास्त असतात: पाळीच आली नाही, तर दिवस कसे जातील? पहिली पाळी यायच्या दोन आठवडे आधी पहिलं बीज सुटू शकतं. बाळ सहा महिन्यांच्या आत आहे, रात्रंदिवस फक्त अंगावरचंच पितं आणि पाळी आलेली नाही, या तिन्ही अटी असतील तर भरवसा बराच. एक सुटली की दुसरा उपाय करावा.

●
किट क्वचित खोटं 'आहे' म्हणतं. नुकताच गर्भपात झाला असेल तर संप्रेरक काही आठवडे उरतं. वंध्यत्वाच्या उपचारात एचसीजीचंच इंजेक्शन देतात, त्यानंतर दहा-चौदा दिवस कार्डाचं ऐकू नये. तापाच्या, दुखण्याच्या गोळ्यांनी किंवा प्रतिजैविकांनी उत्तर बदलत नाही.

●
तारखेच्या सुमारास लागलेले एक-दोन तपकिरी-गुलाबी डाग काही वेळा रुजण्याच्या वेळचे असतात, काही वेळा येऊ घातलेल्या पाळीचे. नजरेनं ओळखता येत नाही. नेहमीपेक्षा फारच कमी गेलं आणि शंका असेल तर आठवड्यानं चाचणी.

पण चाचणी 'आहे' म्हणते आणि ओटीपोटात एका बाजूला कळ येतेय, रक्त जातंय, चक्कर येतेय, खांद्याच्या टोकाला दुखतंय, असं असेल तर गर्भ नळीत रुजला असण्याची भीती असते. नळी फुटली तर जिवावर बेततं. तेव्हा गोळी नाही, उद्या सकाळ नाही. १०८ ला फोन.

●
"पाळी चुकून चारच दिवस झाले, आणि डॉक्टर म्हणतात पाचवा आठवडा!" नवऱ्याचा चेहरा पाहण्यासारखा होता. तो महिनाभर गावाबाहेर नव्हता म्हणून निभावलं. आठवडे मोजतात ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून, कारण संबंधाची किंवा बीज सुटल्याची तारीख सहसा नक्की सांगता येत नाही. म्हणून चुकण्याच्या दिवशीच चार आठवडे भरलेले असतात. सोनोग्राफीला मात्र लगेच पळू नये. पाचव्या आठवड्यात फार तर पिशवी दिसते, ठोके साधारण सहाव्यानंतर. लवकर गेलेल्या जोडप्याला 'अजून काही दिसत नाही' हे ऐकून दोन आठवडे झोप नसते. दुखतंय किंवा रक्त जातंय, त्यांनी अर्थात थांबायचं नाही.

●
लवकर कळण्याचा खरा फायदा औषधवाल्याला दिसतो. बाळाच्या मेंदूची आणि मणक्याची नळी सहाव्या आठवड्याच्या अखेरीस मिटते. फॉलिक ॲसिडची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी तिच्यासाठीच, आणि ती दिवस जायच्या आधीपासून सुरू असलेली बरी. मुरमांवरची आयसोट्रेटिनॉइन, फिटांवरची व्हॅल्प्रोएट, रक्तदाबाच्या काही गोळ्या गर्भाला घातक आहेत. पाळी चुकली असेल तर हे डॉक्टरांना त्याच दिवशी सांगायचं. फिटांची गोळी मात्र मनानं बंद करायची नाही. फिट येणंही धोक्याचं. पोटाचा एक्स-रे काढण्याआधी तारीख विचारतात तीही गर्भाला धोका नको म्हणूनच.

●
आमच्याकडे तीन महिने कुणाला सांगत नाहीत. त्यामागचं शहाणपण नाकारता येत नाही: आपसूक होणारे बहुतेक गर्भपात पहिल्या बारा आठवड्यांतच होतात, बहुतेकदा गुणसूत्रांतल्या दोषामुळे, आणि त्यात बाईच्या चालण्या-खाण्याचा दोष नसतो. पण गुपित पाहुण्यांपुरतं ठेवावं. सरकारी नोंदणी बारा आठवड्यांच्या आत व्हावी असा नियम आहे. दसऱ्यानंतर ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांनी तर निघण्याआधीच नोंदणीचं कार्ड हातात घ्यावं. कारखान्याच्या गावातल्या नर्सबाईंना ते वाचता येतं.

●
आणि ज्यांना मूल नको आहे, त्यांच्यासाठीही तारीखच. गोळ्यांनी गर्भपात नऊ आठवड्यांपर्यंत, डॉक्टरांच्या देखरेखीत; काउंटरवरून नाही, कारण गर्भ नळीत असला तर त्या गोळ्यांचा उपयोग नाही आणि रक्तस्राव घरात होतो. १९७१ च्या कायद्यात २०२१ साली झालेल्या दुरुस्तीनंतर वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. सज्ञान बाईची स्वतःची सही लागते, नवऱ्याची नाही. अविवाहितेलाही हा हक्क आहे. हे वाक्य मी काउंटरवर जरा मोठ्यानं म्हणते.

●
शाळेचा गणवेश, सोबत आई, पहिलंच पॅडचं पाकीट. मी मुलीला म्हटलं, आजची तारीख लिहून ठेव, पुढच्या महिन्याचीही. आई म्हणाली, "आत्तापासून कशाला?" म्हटलं, डॉक्टर कुठल्याही दुखण्याला हा प्रश्न आधी विचारतात, आणि निम्म्या बायका उत्तरासाठी छताकडे बघतात. मुलीनं तिथंच वहीचं शेवटचं पान काढलं. आईनं विचारलं, "मागची माझी कधी होती गं?"