चोरीस आणि शेजार

ऑस्ट्रेलियात मतदानाच्या दिवशी अनेक शाळांच्या आवारात सॉसेज भाजण्याचा वास दरवळतो. पावात गुंडाळलेले ते सॉसेज विकून शाळेसाठी निधी उभारला जातो. ‘लोकशाहीचे सॉसेज’ हे त्याचे नाव इतके रूढ झाले, की २०१६ साली तेथील राष्ट्रीय शब्दकोश केंद्राने ते ‘वर्षाचा शब्द’ म्हणून निवडले.

गोव्याचे चोरीसही असेच लोकजीवनात मुरलेले आहे. नाव पोर्तुगीज, मिरची मूळची अमेरिकेची, आंबटपणा मात्र नारळाच्या माडीपासून केलेल्या व्हिनेगरचा. मसाला लावलेले डुकराचे मांस आतड्यात भरून वाळवायचे आणि पावसाळ्याची बेगमी करायची. चोरीसांची ती माळ जपमाळेसारखीच दिसते.

येथे आमगावात, भातशेतीच्या या मुलखात, गोव्याहून आप्त ती माळ घेऊन येतात, तेव्हा आनंदासोबत शेजाऱ्यांचा विचारही मनात येतो. हे मांस अनेकांना वर्ज्य. करिंथ येथील ख्रिस्ती समाजातही मांस खाण्यावरून वाद झाला होता. आपल्या खाण्याने बंधूला अडखळण होऊ नये, हा संत पौलाने त्यांना दिलेला बोध मला मोलाचा वाटतो.

म्हणून शेजारी जेवायला यायचे असतील, तर आमच्या चुलीवर चोरीस चढत नाही. मात्र कोणी विचारले, तर नाव व जिन्नस स्पष्ट सांगतो. स्वतःला आवरणे ही प्रीती आहे. स्वतःला लपवणे ही भीती. श्रद्धावंताच्या घरी पहिलीला जागा असावी, दुसरीला नसावी.