सुपातील शब्द

बुलढाणा जिल्ह्यातील धामणगाव बढे या आमच्या गावी मी इंग्रजी शिकू लागलो, तेव्हा ‘ट्राय’ हा शब्द मला सर्वांत सोपा वाटे. ट्राय म्हणजे प्रयत्न करणे. एवढ्या भांडवलावर मी निर्धास्त होतो. एके दिवशी गुरुजींनी फळ्यावर एक इंग्रजी वाक्य लिहिले. त्यात न्यायाधीश होता, चोर होता आणि दोघांच्या मध्ये माझा तो ओळखीचा शब्द होता. मी मोठ्या ऐटीने उभा राहिलो आणि अर्थ सांगितला, “न्यायाधीशाने चोराचा प्रयत्न केला!”

सारा वर्ग खो-खो हसला. “येथे ट्राय म्हणजे खटला चालवणे,” एवढे सांगून गुरुजी पुढे गेले. एकाच शब्दाचे असे दोन अर्थ कसे, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही. पुढे कित्येक दिवस इंग्रजीच्या तासाला मी तोंडच उघडले नाही.

उत्तर मिळाले ते फार वर्षांनी, एका जाडजूड शब्दकोशात. इ. स. १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले आणि तेथील राजदरबारात व न्यायालयांत फ्रेंच भाषेचा शिरकाव झाला. फ्रेंचमधील ‘त्रिए’ या शब्दाचा अर्थ निवडणे, वेगळे काढणे. फ्रान्समध्ये आजही तो याच अर्थाने वापरतात. १३०० च्या सुमारास तो इंग्रजीत दिसू लागला. खरे आणि खोटे वेगळे काढायचे, म्हणून न्यायाधीश ‘ट्राय’ करू लागला. मग वस्तू पारखून पाहणे, एखादे काम जमते का ते पाहणे, असा सरकत सरकत तो शब्द प्रयत्नापर्यंत आला. मला ठाऊक असलेला अर्थ त्या घराण्यातील धाकटा होता तर!

हे वाचताना मला आजी आठवली. त्या दिवशी मी रडवेला होऊन घरी आलो, तेव्हा ती ओसरीवर तूर निवडत बसली होती. तिला इंग्रजीचे एक अक्षरही येत नव्हते. माझी हकीकत ऐकून तिने सूप माझ्यापुढे सरकवले. “रडू नको रे बापू. घे, एवढी तूर निवडून दे.”

धान्याचे ते निवडणे आणि पंच देतात तो निवाडा, हे दोन्ही शब्द एकाच मुळाचे. फळ्यावरील वाक्याचा अर्थ त्या संध्याकाळी माझ्या मांडीवरच होता. मी मात्र रागारागाने खडे अंगणात भिरकावीत होतो.