विहिरीतला कवडसा

विहिरीत कळशी पडली की आई आरसा घेऊन काठावर यायची. पाणी निवळ, पण तळाला अंधार. ती उन्हात आरसा धरून कवडसा खाली सोडायची, मी गळ फिरवायचो. ऊन आरशावर जेवढं कलतं पडंल तेवढंच कलतं परत फिरतं, हे मला पुस्तकात भेटलं. शाळा न बघितलेल्या आईच्या मनगटाला ते ठाऊक होतं. पितळेवरचा उजेड वर डोळ्यात आला की कळशी दिसायची.

पुढं तिला मोतीबिंदू झाला. डोळ्यातलं भिंगच गढूळलं, उजेड आतल्या पडद्यावर नीट पोचेना. "आरसा पूस रं," म्हणायची. आरसा तर लख्ख होता! ऑपरेशनला दोन वर्षं घाबरली. पट्टी सुटली तेव्हा माझ्याकडं बघून म्हणाली, "लई वाळलास की रं."