पाण्यावर

पाडव्याच्या सुमारास नारायणगावात तमाशाच्या राहुट्या लागतात आणि आमची पंच मंडळी सुपारी द्यायला तिकडे निघतात. कुठला फड, किती बिदागी, ढोलकीवर कोण, यावर अख्खा गाव आठ दिवस भांडतो. पाण्याचं काय, हे कुणी विचारत नाही. ते माझ्याकडे असतं.

जुन्नर तालुक्यातलं आमचं गाव, भैरवनाथाचं. यात्रेआधी पारावर बैठक बसते. तात्या वही उघडून कामं वाटतात. मांडवाला खालची आळी, पट्टी गोळा करायला तिघं, बैलगाडा शर्यतीच्या घाटात दोरीवर तरणी पोरं. पंधराव्या वर्षी मी मुद्दाम पुढं जाऊन बसलो होतो. घाटात सेकंद मोजायला मिळतील, गेला बाजार आखाड्यात नारळ तरी वाटता येतील! तात्यांनी वर न बघता सांगितलं, "तू पाण्यावर."

त्याला वीसेक वर्षं झाली. पुण्यात नोकरी करतो. रजा मागताना साहेब कारण विचारतात. मी "घरचं कार्य" असं लिहून देतो. त्यात खोटं काही नाही.

टँकर यायच्या आत पिंपं घासून पालथी घालायची, रांजणांना ओली तरटं गुंडाळायची, हे पहाटेचं काम. आता गार पाण्याचे जार येतात. पण त्या पाण्यानं दात शिवशिवतात, तहान भागत नाही, असं म्हाताऱ्यांचं म्हणणं. मलाही ते पटतं. म्हणून दोन रांजण अजून ठेवतो.

पाण्यावरच्या माणसाला यात्रा दिसत नाही, यात्रेला आलेली तोंडं तेवढी दिसतात. माहेरवाशीण आधी कडेवरच्या पोराचं तोंड पुसते, मग स्वतः पिते. रेवड्यांच्या कुस्तीत पडलेलं पोर पाणी पीत नाही, डोक्यावर ओतून घेतं. म्हणजे रडलेलं कळत नाही. गाड्यापुढं घोडी पळवणारा दोन घोट घेतो आणि उरलेली बादली घोडीपुढं धरतो. एकदा सकाळी तमाशाच्या हजेरीच्या आधी फडातली एक मुलगी आली होती. रात्रभर वग झालेला, तोंडावरचा रंग अर्धा उतरलेला. "दादा, बाटली भरून देता का?" म्हणाली. रात्री तिच्यावर शिट्ट्या मारणारी दोन पोरं शेजारीच उभी होती. त्यांनी मुकाट्यानं बाजूला सरून तिला वाट दिली.

मे 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शर्यतींवर बंदी घातली. पुढं कित्येक यात्रांना घाट सुनाच राहिला. बैलांचे हाल व्हायचे हे खोटं नव्हतं; काही गाडामालकांची करणी मी जवळून पाहिलेली आहे. तरी त्या वर्षांत निम्मी पिंपं दुपारीसुद्धा भरलेलीच असायची, आणि भरलेलं पिंप बघून माझा जीव उगाच खाली-वर व्हायचा. डिसेंबर 2021 मध्ये परवानगी मिळाली, 2023 मध्ये घटनापीठानंही ती कायम ठेवली. शर्यती पुन्हा सुरू झाल्या त्या यात्रेला पहिली बारी सुटल्याचा गलका ऐकू आला, तेव्हा मी घाटाकडं पाठ करून तोट्या बदलत होतो.

त्याआधी 2020 साली तर टाळेबंदीत यात्राच झाली नाही. मी पुण्यात अडकलेलो. चैत्रात तात्यांचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाले, "एक रांजण भरून ठिवलाय. बंदोबस्तावरच्या हवालदाराला लागतं."

यंदा बैठकीत एका पोरानं सुचवलं, "दादा आता शहरात राहतो, त्याला माईकवर बसवू." तात्यांना दिसतं कमी. वही नाकाशी धरून त्यांनी बरंच शोधलं आणि म्हणाले, "पाण्यावर कोण मग?" कुणाचाच हात वर झाला नाही. थोड्या वेळानं मीच केला.

घाटाचा राजा कुणाचा गाडा झाला, हे मला दरवर्षी दुसऱ्या दिवशी एसटीत कळतं.

चैत्रात कधी आमच्याकडं आलात तर देवळाच्या उजव्या अंगाला, चिंचेखाली या. पाणी हवं तेवढं प्या. फक्त हातातला पेला रांजणात बुडवू नका. शेजारी ओगराळं ठेवलेलं असतं.